चारही वायरी वरच्या डब्यात

त्या दिवशी त्या खोलीत आम्ही सहा जण होतो. मिलचे मॅनेजर साहेब. कॉम्प्युटरचा ऑपरेटर, ज्याच्याजवळ त्या खोलीची चाबी राहते. आमचा ठेकेदार, जो झाडणाऱ्या बायांचे गेटपास काढून देते. गेटवरचा चौकीदार. नागपूरहून आलेली इंजिनियर बाई. आन मी, झाडायचा फडा आन पोछ्याची बालटी घेऊन दारापाशी उभी. सातवं कोणी नव्हतं. हे पहिले सांगून ठेवतो, कारण मागून लय जण म्हणाले का आम्ही तठीच होतो, आम्ही कानानं ऐकलं. कोणी नव्हतं.

साहेबानं विचारलं, "वायरीले हात कोणी लावला?"

सगळ्यांचे डोळे हळूहळू माह्या बालटीवर येऊन बसले. बालटीत पाणी होतं, आन पाण्याचा तेवढा गुन्हा पुरला. ठेकेदारानं हात पुढं केला.

"बाई, पास दे."

पास म्हणजे फोटो लावलेला येवढासा कागद. पण तो गेला का गेटच्या आत पाय ठेवता येत नाही. आन ज्याचा पास असा हातातून काढून घेतला, त्याले बोरगावच्या बाजूच्या कोणत्याच मिलमध्ये झाडू मारायलेही घेत नाहीत. गेटवाले गेटवाल्याले सांगतात. त्यात माही सून त्याच ठेकेदाराच्या पासवर धाग्याच्या खात्यात कामाले. माह्या नावानंच तिले घेतलं होतं. म्हणजे एक पास मांगतला, पण गेले दोन असते.

मी पास दिला नाही. पदरात बांधला होता, गाठीवर हात ठेवून उभी राह्यली.

आता मांगचं सांगतो. माह्यं माहेर पांढुर्ण्याचं, सासर मोहगावजवळ. चौथी शिकली, तेवढ्यात बापानं शाळेतून काढून वावरात नेलं. मालक, म्हणजे नवरा, लवकर गेला. पोरगा मोठा झाला, लग्न केलं, आन तोही ताप डोक्यात जाऊन चार दिवसात गेला. रडायले वेळ होता असं काही आठवत नाही. सुनेचं बाळंतपण तोंडावर होतं, आन कपाशी फुटून पडली होती. मी कपाशी वेचली, संत्र्याच्या तोडीले गेली, फाट्यावर मजुरीसाठी उभी राह्यली, गुडघे होते तवापर्यंत सगळं केलं. गुडघे गेल्यावर मिलमध्ये आली. झाडणं उभ्यानं होते. नऊ वर्षं झाली.

मिल सुताची आहे. सुताच्या मिलमध्ये रुई उडते. ती दिसत नाही, पण ती सगळीकडं असते, केसात, पापणीत, पोळीच्या डब्यात. सकाळी झाडलेलं दुपारी पांढरं होते. आमचं पूरं काम त्या उडत्या रुईसंगच भांडण आहे.

मागच्या वर्षी ऑफिसच्या मांगं एक लहान खोली केली. थंडी मशीन लावली, दाराले रबर लावलं. ऑपरेटर म्हणाला, "मावशी, अठी पूरी मिल बसन." मले वाटलं थट्टा करून राहिला. मंग नागपूरची ती इंजिनियर बाई आली. पोरगीच म्हणा, माह्या नातीपेक्षा थोडी मोठी. संग तिच्या हाताखालचा माणूस यायचा होता, तो आला नाही. तिले दुसऱ्या टोकावरून वायर ओढायले कोणीतरी पायजे होतं. ऑपरेटर चहाले गेला होता. तिनं मले म्हटलं, "मावशी, येवढं टोक धरता का?"

मी विचारलं, "करंट लागते का?"

"नाही लागत. याच्यातून उजेड जाते, करंट नाही."

मी इश्वास ठेवला नाही. पदर हातावर घेऊन टोक धरलं. ती हसली, पण काही बोलली नाही, म्हणून ती मले पटली.

खोलीत एक लोखंडी कपाट, त्यात वर दोन मोठी मशीनं होती. सगळ्यात खाली एक जड पेटी. मधात दोन चपटे डबे, एक वर, एक खाली, समोरून भोकंच भोकं. ती म्हणाली, मिलचं जे काही लिहिलेलं आहे, कोणाची हजेरी, कोणत्या ट्रकात किती गाठी, कोणत्या मशीननं किती सूत काढलं, ते पूरं त्या खालच्या पेटीत राहते. वरची दोन मशीनं त्याच पेटीतून घेतात, त्याच पेटीत ठेवतात. आन मधातले डबे म्हणजे रस्ता.

"मंग दोन डबे काहून?"

"एक मेला तं दुसऱ्यातून जाईन."

एका मशीनची एक वायर वरच्या डब्यात, एक खालच्या डब्यात. दुसऱ्याचंही तसंच. चार वायरी. समोरून पाह्यलं तं एकमेकीवरून जातात, खाटेच्या सुतळीवानी. डब्यापासून पेटीपर्यंत मांगच्या बाजूनं आणखी वायरी, त्याही अशाच. मी म्हटलं, "बाई, गुंता दिसते." ती म्हणाली, "मावशी, गुंता दिसला पायजे. सरळ दिसला तं समजा काही चुकलं."

मी विचारलं, "आन पेटीच मेली तं?"

तिनं हातातलं काम थांबवलं. "पेटीच्या आत दोन डोकी आहेत. एक गेलं तं दुसरं चालवते. आन रोज एक नक्कल दुसऱ्या जागी जाते. तुम्ही तं आमच्या सरापेक्षा जास्त विचारता."

मी म्हटलं, "माह्या घरातली दोन माणसं गेली, बाई. मी विचारतोच."

वायरी सगळ्या एका रंगाच्या होत्या. ती बारक्या चिठ्ठ्या चिपकवत होती, त्याच्यावर इंग्रजी आकडे. मले ते काय समजणार. मी तिले म्हटलं का मले अठी रोज पोछा माराचा आहे, वायर धरून उचलायची वेळ आली तं कोणती कुठची हे मले समजलं पायजे. वेचणीच्या वावरात आमच्या वीस-वीस बायांची गाठोडी एका जागी पडतात. वजनाच्या वेळेस भांडणं नोको म्हणून ज्याच्या त्याच्या गाठोड्याले ज्याच्या त्याच्या लुगड्याची चिंधी बांधलेली असते. मी तसंच केलं. घरून दोन लुगड्याच्या चिंध्या आणल्या, लाल आन पांढरी. वरच्या डब्याच्या वायरीले लाल, खालच्या डब्याच्या वायरीले पांढरी. तिनं एक एक वायर हलवून दाखवली, मी दुसऱ्या टोकाले गाठ मारली. ती म्हणाली, "चालन. माह्या चिठ्ठ्या पडतील, तुमच्या गाठी नाही पडणार."

ऑपरेटर चहा पिऊन आला. त्यानं चिंध्या पाहून तोंड वाकडं केलं. "हे काय मावशी, नजर लागू नये म्हणून बांधलं का?"

"गाठोडी आहेत," मी म्हटलं.

तो हसला, पण ते हसणं मले त्याच दिवशी आवडलं नाही. जो माणूस आपल्या कामाच्या वेळेस चहाले जाते आन परत येऊन दुसऱ्याच्या कामाले हसते, त्याच्यापाशी चाबी असणं चांगलं नाही. तो वाईट माणूस आहे असं माह्यं म्हणणं नाही. बायको-लेकराले मोटरसायकलवर बाजारात नेताना पाहतो मी त्याले, हळू चालवते. पण मन म्हणे, याच्यावर डोळा ठेव.

दसऱ्याच्या वेळेस मिलमध्ये मशीनची पूजा होते. सगळ्या खात्यात मशीनं धुतात, झेंडू बांधतात, नारळ फोडतात. आम्ही बुद्धाचे लोक, त्या वेळेस नागपूरले दीक्षाभूमीवर जातो. मीही दरवर्षीवानी आदल्या दिवशीच सौंसरहून बस धरली, सून-नातीले घेऊन. ठेकेदाराले सांगून गेली होती. तो म्हणाला होता, "जा बाप्पा, तुमचं काही आम्ही अडवत नाही." पण बोलण्यात गाठ होती.

परत आली, कामावर गेली. खोली उघडली तं कपाटाले कुंकू, फुलं सुकलेली, खाली फरशीवर तांदूळ. ते झाडायचंच होतं. पण वाकली आन पाह्यलं, तं गुंता नव्हता. समोरून सगळं सरळ. चारही वायरी वरच्या डब्यात, एका बाजूले प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेल्या. दोन लाल, दोन पांढऱ्या, एकाच खुट्याले चार बैल. खालच्या डब्याच्या समोरचे दोन दिवे मालवलेले.

मी हात लावला नाही. बाहेर आली, ऑपरेटरच्या टेबलापाशी गेली.

"भाऊ, पांढऱ्या वायरी वरच्या डब्यात काहून?"

त्यानं स्क्रीनवरून डोळे काढले नाहीत. "पूजेचा कलश ठेवायचा होता. वायरी मधात येत होत्या. फोटोत बरं दिसत नव्हतं."

"मंग आता लावून द्या ना परत."

"लावतो. चालून तं राहिलं ना?"

"चालून राहिलं. पण वरचा मेला तं?"

तवा त्यानं पाह्यलं. "मावशी, तू इंजिनियर झाली का आता? चार दिवसाची गोष्ट आहे. मी करतो. तू आपलं झाड."

मी झाडलं. चार दिवस गेले, आठ गेले. मी रोज सकाळी पोछा मारताना पाहत होती, वायरी तठीच. खालच्या डब्याची दोन भोकं उघडी. एका दिवशी ठेकेदार गेटवर भेटला तं त्यालेही सांगतलं. तो म्हणाला, "तुले काय करायचं? तुह्या हातात फडा आहे, फडा धर." मी साहेबाकडं गेली नाही. आमच्यात साहेबापाशी जायची पद्धत नाही, ठेकेदाराले सोडून गेलं तं ठेकेदार मनात धरते. हे माह्यं चुकलं असन. पण त्या दिवशी मले वाटलं, दोघाले सांगतलं, आता वजन त्यांच्या डोक्यावर.

इंजिनियर बाईचा नंबर माह्यापाशी नव्हता.

थंडी पडायले लागली, कापसाचे ट्रक जोरात सुरू झाले होते, तवाची गोष्ट. सोमवारी सकाळी मी गेटवर आली तं ट्रक रस्त्यापर्यंत उभे. ट्रक तोलायचा काटा बंद. हजेरीची मशीन बंद. बाया गेटवर थांबून राहिल्या, कोणाचं बोट लागेना. चौकीदार म्हणाला, "पूरी मिल बसली, बाई." काय झालं ते मले तिथंच समजलं. आन सांगतो खरं, थोडं बरं वाटलं, का मी म्हटलं होतं तेच झालं. असं वाटू नये. पण वाटलं.

मी बालटी घेतली आन खोलीकडं गेली. दार उघडं होतं. आत जळल्याचा वास. ऑपरेटर कपाटासमोर उकिडवा बसलेला, पाठ माह्याकडं. पट्टी कापलेली. तो एक वायर खालच्या डब्यात घुसवत होता, दाबून दाबून. मी दिसल्यावर ताडकन उठला.

"आता नोको झाडू. मंग ये."

"वास कशाचा?"

"म्हटलं ना मंग ये!"

त्याची मूठ बंद होती. मुठीतून लाल चिंधी लोंबत होती, येवढीशी. त्यानं ती खिशात कोंबली. मी कपाटाकडं पाह्यलं. वायरीवर एकही गाठ नव्हती.

मले त्या वेळेस समजलं का हा वायरी ठीक करायले नाही आला. हा मांगचं पुसायले आला. वरचा डबा मेला होता, तं त्यानं दोन वायरी खालच्यात घातल्या, जशा पहिले होत्या तशा. कोणी येऊन पाहीन तं म्हणन, वायरी तं बरोबरच आहेत. मंग मिल काहून बसली? तं कोणीतरी हलवल्या असतील. रोज त्या खोलीत कोण वाकते? झाडणारी वाकते.

मी बाहेर येऊन पायरीवर बसली. चौकीदार तठून गेला. त्यानं मले पाह्यलं, उघड्या दारातून ऑपरेटरले पाह्यलं, आन बुटाकडं पाहत निघून गेला. तो मोहगावचाच आहे, माह्या पोराच्या मातीले आला होता. पण त्यालेही पास आहे.

दुपारी इंजिनियर बाई नागपूरहून पोचली. आन मंग आम्ही सहा जण त्या खोलीत.

पास मांगतल्यावर मी दिला नाही, इथपर्यंत सांगतलं. तवा साहेबानं फायलीतून एक कागद काढला. हातानं लिहिलेला. अक्षर ऑपरेटरचं होतं, मी त्याच्या टेबलावर रोज पाहतो. म्हणजे विचारायच्या पहिलेच लिहून झालं होतं. मले तठीच शक आला, का हे लोक विचारायले नाही जमले, सही घ्यायले जमले.

ठेकेदार जवळ आला, आवाज खाली केला. "बाई, सही करून दे. काही होत नाही. ताकीद देऊन सोडतील. पास तुह्यापाशीच राहीन. सुनेचाही."

"काय लिहिलं आहे?"

"काही नाही, आपलं ऑफिसचं."

"मंग वाचू द्या."

साहेब म्हणाले, "अम्मा, टाइम नहीं है, बाहर ट्रक खड़े हैं."

मी म्हटलं, "साहेब, ट्रक सकाळपासून उभे आहेत. माह्यानं आणखी थोडे थांबतील."

कागद हिंदीत होता, इकडं ऑफिसचं सगळं हिंदीतच राहते, पण अक्षरं तं तीच. बोट ठेवून वाचला. कोणी हसलं नाही, हे त्यांचं चांगलं. लिहिलं होतं का सफाईच्या वेळेस माह्या हातानं वायरी निघाल्या आन पाणी गेलं, ही माही गलती आहे, मी कबूल करतो. खाली सहीची जागा मोकळी.

मी कागद साहेबासमोर टेबलावर ठेवला. "हे खरं नाही. वायरी दसऱ्यापासून वरच्या डब्यात होत्या. चारही. भाऊनं आज सकाळी दोन खाली घातल्या. मी भाऊले सांगतलं होतं. ठेकेदारालेही सांगतलं होतं."

ठेकेदार म्हणाला, "मले? मले कवा सांगतलं बाई?"

मी त्याच्याकडं पाह्यलं. त्यानं नजर हलवली नाही. खोटं बोलताना नजर न हलवणारा माणूस मी पहिल्यांदा पाह्यला, आन तो नऊ वर्षांपासून माह्या ओळखीचा होता.

ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हिच्या लोकाले पूजा पटत नाही. पूजेच्या वेळेस ही निघून गेली. आल्यापासून कपाटाजवळ काहीतरी करत राहते. चिंध्या बांधते. मी कितीकदा हटकलं."

"चिंध्या कुठी आहेत मंग?" मी विचारलं.

"मले काय माहीत."

साहेब म्हणाले कॅमेरा पाहू. ऑपरेटर म्हणाला, कॅमेऱ्याचंही त्याच पेटीत राहते, ते उघडत नाही. मले दोन्ही गोष्टीचा शक आला. खरं म्हणजे ते खरंच होतं, पण त्या वेळेस मले त्याच्या तोंडातून निघालेलं काहीच खरं वाटेना.

येवढा वेळ इंजिनियर बाई कपाटासमोर गुडघ्यावर बसून होती. कोणाकडं पाहत नव्हती. तिचाही मले भरोसा नव्हता. साहेब तिले पैसे देतात, मी नाही देत. ती म्हणाली, "खालच्या डब्यात वायरी तं लागल्या आहेत. पण दिवे लागून नाही राहिले. हा डबा चांगला आहे, मांगून चालू आहे. मंग उजेड काहून जाऊन नाही राहिला?"

ऑपरेटर लगेच म्हणाला, "पाणी गेलं असन."

तवा माह्या डोक्यात आलं. मी झाडणारी आहो, हे मले पहिलेच सुचायले पायजे होतं.

"बाई," मी म्हटलं, "त्या वायरी बाहेर काढा. भोकात पाहा."

"काय पाहू?"

"रुई. दसऱ्यापासून ती दोन भोकं उघडी होती. या मिलमध्ये उघड्या भोकात रुई बसल्याशिवाय राहत नाही. मी जर काल-परवा वायर हलवली असन, तं भोक साफ असन. आन जर मांगची गोष्ट असन, तं रुई असन, आन आज दाबली असन तं ती आत जाऊन बसली असन."

तिनं माह्याकडं पाह्यलं. मंग पिशवीतून बारका टॉर्च काढला. एक वायर खालच्या डब्यातून काढली. वायरीच्या टोकाले पांढरं काहीतरी चिपकलेलं, दबून घट्ट झालेलं, वातीवानी. तिनं ते चिमट्यानं काढून आपल्या तळहातावर ठेवलं. दुसरी वायर काढली. तेच. मंग टॉर्च भोकात धरला आन साहेबाले म्हणाली, "सर, तुम्ही पाहा."

साहेब वाकले. लय वेळ वाकून राह्यले.

मी म्हटलं, "पाणी कुठी आहे, साहेब? कोरडं आहे. अशी रुई एका सकाळीत नाही बसत. दीड-दोन महिने लागतात. मले विचारा, मी रोज काढतो."

तिनं मरून पडलेला वरचा डबाही पाह्यला. वायरी खालच्यात गेल्या, तरी वरच्या डब्यात कोणत्या भोकातून काय काय चालत होतं ते त्याच्यात लिहिलेलं राहते म्हणे, चालू झाला तं निघन. ते मले समजलं नाही. पण ऑपरेटरले समजलं. त्याचा चेहरा उतरला.

"साहेब," तो म्हणाला, "पूजेच्या दिवशी आपणच म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतं?"

"वायरी हटवा म्हणून. हेड ऑफिसले फोटो पाठवायचा आहे, कलशासमोर वायरी लोंबतात, बरं नाही दिसत. आपणच. मी चारही वरच्यात घालून बांधून टाकल्या. मंग चालून राहिलं होतं, तं मी..."

मी साहेबाकडं नाही पाह्यलं. त्या वेळेस मोठ्या माणसाच्या तोंडाकडं पाहू नये, ते ध्यानात ठेवतात.

साहेब म्हणाले, "पहिले मिल चालू करा. बाकीचं मंग." आन तो टेबलावरचा कागद त्यांनी उचलला, घडी केली, खिशात घातला.

मी म्हटलं, "साहेब, तो कागद."

"अब उसका कुछ काम नहीं, अम्मा."

"काम नाही तं मले द्या. नाही तं फाडा."

"जाओ, काम करो."

त्यांनी तो दिला नाही, फाडलाही नाही.

इंजिनियर बाईनं एका कपड्यानं भोकं पुसली, टोकं पुसली, वायरी घातल्या. खालच्या डब्याचे दिवे एक एक करून लागले. काटा चालू झाला तसा बाहेर ट्रकवाल्यांचा गलका ऐकू आला. तिनं सांगतलं का वरचा डबा दुसरा येईपर्यंत अजून दोन दिवस एकाच रस्त्यावर चालन, कोणी काही हलवू नका. जाताना पायरीवर माह्यापाशी थांबली.

"मावशी, मी माह्या कंपनीच्या कागदात लिहिलं. वाचून दाखवू?"

"दाखव."

तिनं मोबाइलवरून वाचलं. मराठीत करून. वायरी सजावटीच्या वेळेस हलवल्या, नंतर परत लावल्या नाहीत, सफाईच्या कामाचा याच्यात काही संबंध नाही. मी तिले आणखी एकदा वाचायले लावलं. तिनं वाचलं. मी म्हटलं, "हे आमच्या साहेबाले जाईन का?"

"जाईन."

"ते वाचतील का?"

ती म्हणाली, "ते मले माहीत नाही, मावशी." खरं बोलली, म्हणून मी तिले पाणी दिलं.

ऑपरेटर अजून तठीच आहे. साहेबही. ठेकेदारही. कोणाची सजा झाली नाही. मिलच्या रजिस्टरमध्ये लिहिलं आहे का जुना डबा जळाला, नवीन बसवला. ते खोटं नाही, पण ते पूरंही नाही. ठेकेदारानं दोन दिवसांनी सुनेले बोलावून म्हटलं, तुह्या सासूले सांग, तोंड आवरून राह्य. त्या खोलीची सफाई माह्याकडून काढली, आता दुसरी बाई जाते. तिले मी सांगतलं आहे का वायरीकडं पाहत जाय, पण कोणाले काही बोलायच्या पहिले मले सांग. ती मले घाबरते का त्यांले, माहीत नाही. वायरी आता आडव्या-उभ्या आहेत, तिनं सांगतलं.

पास माह्या पदरात आहे. सुनेचा तिच्यापाशी. रोज गेटवर दाखवतो, रोज चौकीदार पाहते, आन रोज मले वाटते आज हात पुढं येईन. सून म्हणते, "आत्याबाई, झालं ना आता, सोडून द्या." ती जवान आहे, तिले सोडता येते. मी नाही सोडलं, कारण तो घडी केलेला कागद अजून कोणाच्यातरी खिशात, नाही तं फायलीत आहे. त्याच्यावर माह्यं नाव आहे, गलती लिहिलेली आहे, आन खाली मोकळी जागा आहे. मोकळी जागा लय दिवस मोकळी राहत नाही. मी चौथी शिकलेली बाई, माही सही म्हणजे चार वाकडी अक्षरं, कोणीही काढू शकते.

म्हणून हे पूरं नातीकडून लिहून ठेवलं. जो कोणी हे वाचन त्याले माह्यं येवढंच मागणं आहे: तो कागद कवा तुमच्यासमोर आला आन त्याच्यावर माही सही दिसली, तं मानू नका. मी सही केली नाही. मी असन तं मले येऊन विचारा, आन मी नसन तं माह्या सुनेले विचारा.